सकू नेमकी कोण?

प्रशिकच्या बापाचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांची वजनं करत होते. काट्यावर एक पोट्टं रडत होतं, दुसरं माझा पदर ओढत होतं, आणि फोनवर भाऊ म्हणाले, "बाई, गेलं वो." मी विचारलं, "कोण गेलं? सकू?" ... प्रशिक दवाखान्यात आहे हे ठाऊक असून खरंच असं विचारलं मी. लिहितानाही लाज वाटते. पण त्या पोरानं मला सवयच तशी लावून ठेवली होती. दोन-चार दिवसांआड त्याचा फोन यायचा, "मावशी, आज सकू नऊ वेळा मेली," "मावशी, आज सकू नाल्यातच गेली," आणि मी भाजीला फोडणी घालता घालता म्हणायची, "मरू दे, उद्या उठन." भाऊ पलीकडून हुंदके द्यायला लागले तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं, की हे सकूचं नाही, आपल्या प्रशिकचं सांगून राह्यले. त्याला आता पाच आठवडे होतील. विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं बोलली, मलाही बोला म्हणाली. मी उभी राहिले, दोन मिनिटं पदर चाचपला आणि खाली बसले. म्हणून हे लिहिते. लिहिलं म्हणजे डोक्यातला गुंता सुटेल असं वाटलं होतं, पण तसं काही दिसत नाही.

सकू म्हणजे प्रशिकनं केलेल्या खेळातली बाई. कॉम्प्युटरवर खेळतात तसला खेळ, पण भीतीचा. त्यात कोणाला मारून जिंकायचं नसतं, जीव वाचवून घरी यायचं असतं. आमचं गाव सिंदेवाहीपासून बसनं अर्ध्या तासावर, धानाच्या बांध्या संपल्या की लगेच जंगल. जीव वाचवून घरी येणं हा खेळ कसा होऊ शकतो, हेच मला पहिल्यांदा उमगलं नव्हतं. मी त्याला म्हटलंसुद्धा, "बापा, थे तर आमी रोज करतो, आमाले कोणी टाळ्या नाई वाजवत." तो खो खो हसला. हसताना त्याचे डोळे पार मिटायचे, थेट त्याच्या आईसारखे.

त्याची आई तारा. माझी शेजारीण, मैत्रीण, भांडायची हक्काची जागा. मोहफुलांच्या दिवसांत आम्ही पहाटे टोपल्या घेऊन सोबतच निघायचो. मोह वेचणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेलं माणूस जनावराला, म्हणजे वाघाला, माणूस वाटत नाही. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की तोंड बंद ठेवायचं नाही. दोन झाडांखाली दोघी असल्या तर एकीनं थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची, "हायस का वंऽऽ?" आणि दुसरीनं ओ द्यायची, "हाव वंऽऽ." एवढ्यावर आमच्या आया-आज्या जगल्या. त्या वर्षी ताराच्या बकरीनं माझ्या अंगणात वाळत घातलेली फुलं खाल्ली. मी बोलले, ती बोलली, मी तिच्या माहेरापर्यंत गेले. मग अबोला. चौथ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी निघालो, दहा पावलं पुढं ती, मागं मी, तोंडं फिरवून. ती तिच्या झाडाखाली, मी माझ्या. कोणीच हाक दिली नाही. मी मनात म्हणत होते, हिनं आधी बोलावं, बकरी हिची. ... बऱ्याच वेळानं मान वर केली तर तिच्या झाडाखाली नुसती टोपली होती.

आता इतकी वर्षं जे लिहिलं नाही, सांगितलं नाही, ते लिहिते. गाव जमलं तेव्हा कोणीतरी विचारलं, "हाक नाई मारली का वं तू?" आणि माझ्या तोंडून गेलं, "मारली नं. दोनदा मारली. तिनंच ओ नाई देल्ली." जिभेला हाड नसतं म्हणतात ते असं. पंचनाम्यात तेच आलं, गावातही तेच झालं, की ताराचा रुसवा तिच्या जिवावर उठला. मी मारली नव्हती हाक. एकदाही नाही. भाऊ, तुम्ही हे वाचाल किंवा कोणी तुम्हाला वाचून दाखवेल. मग माझ्या दारात या आणि काय बोलायचं ते बोला, मी घरीच आहे.

प्रशिक तेव्हा आठ वर्षांचा. भाऊ कामाला चंद्रपूरला जायला लागले आणि पोरगं दोन्ही वेळा माझ्याकडं जेवायला. लाखोरीच्या डाळीचे वडे त्याला जीव की प्राण. एकदा वडा हातात धरून त्यानं विचारलं, "मावशी, तू हाक मारली तं आईनं ओ काऊन नाई देल्ली?" मी म्हटलं, "रागात होती बेटा." त्यावर तो म्हणाला, "लेकरू घरी हाये म्हनून तरी द्यायले पायजे होती." त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं. मी त्याच्या ताटात अजून एक वडा टाकला. पुढं कित्येक वर्षं आईचं नाव निघालं की तो तोंड वळवायचा, आणि ते तोंड मी वळवलं होतं.

त्याचा पहिला हिरो त्यानं चंद्रपुरात शिकत असताना केला. जटपुऱ्याच्या बाजूला त्याची खोली होती, तिथं मला नेऊन मोठ्या कौतुकानं दाखवला. दंडाच्या बेटकुळ्या एवढाल्या, कमरेला गोळ्यांचा पट्टा, हातात बंदूक. मी विचारलं, "हा कोणाचा गा पोट्टा? मोह वेचायले आला का बंदूक घेऊन?" त्याचं तोंड उतरलं. दुसऱ्या वर्षी हिरो वनरक्षक झाला, खाकी कपडे, काठी, पायात बूट. मी म्हटलं, "या बुटाखाली पाला एवढा वाजते की त्याले दुसरं काईच ऐकू नाई येणार, पयल्या दिवशीच जाईन बिचारा." खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण जंगलात कोण मरतं ते कळत होतं. तिसऱ्या वेळी त्यानं बूटही काढले, काठीही काढली. हा हिरो सडपातळ आणि घाबरट, झाडाच्या ढोलीत लपायचा, श्वास रोखून धरायचा. तो बाहेरच्या लोकांना भारी आवडला. असल्या खेळांत म्हणे असंच असतं, चूप बसला तो वाचला. प्रशिकचे बंगलोरचे मित्र म्हणाले, हाच ठेव, याला हात लावू नको.

त्याच दिवाळीत तो माझ्या अंगणात बसून म्हणाला, "मावशी, खेळाले मस्त हाये, पन खोटं हाये."
"काऊन?"
"आपल्या इकडं चूप राह्यलेला माणूस वाचते का?"
तो काय म्हणून गेला ते त्याला कळलं होतं का? चोराच्या मनात चांदणं, मला तर तेव्हापासून त्याचं साधं "जेवली का" सुद्धा आडून विचारल्यासारखं वाटायचं.

त्यातून सकू आली. बाई, पन्नाशीकडं झुकलेली, हातात हत्यार नाही, डोक्यावर टोपली. तिच्याकडं एकच गोष्ट, हाक. बटण दाबलं की ती हाक देते आणि जनावर बाजूला होतं. पण हाका सारख्या देता येत नाहीत, घसा सुकतो. आणि फार वेळ गप्प राहिलं की गवत हलायला लागतं. जनावर अख्खं कधी दाखवायचंच नाही, असं त्यानं ठरवलं होतं. बंगलोरवाले म्हणाले, हे उलटं आहे, खेळणाऱ्याला समजणार नाही. हा म्हणाला, समजन हळूहळू. तिच्या नाकात खडा, अंगात हिरवं पोलकं, म्हणजे तारा. ते मी बघताक्षणी ओळखलं. पण चालायला लागली की डावा पाय जरा ओढायची, म्हणजे मी. मला उन्हात उभं करून मोबाइलवर चित्रण करायचा, "मावशी, रोज वाकते तशी वाक नं, फोटोले वाकल्यासारखी नको." मी वैतागायची. तारा की मी, असं एकदा विचारलं तर म्हणाला, "पाहू, अजून बनून राह्यली."

मग आवाज घ्यायचा दिवस आला. माईकला पायमोजा गुंडाळून तो मला त्याच दोन झाडांजवळ घेऊन गेला. मी तिथं इतक्या वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. कानाला ते डबडं लावून तो खाली बसला आणि म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मारली होती तशीच मार." मारलीच नव्हती ती हाक आता कशी मारू? तरी मारली. "हायस का वंऽऽ?" तो म्हणाला, "अजून एकदा." परत मारली. "अजून." सात-आठ वेळा मारायला लावली आणि मग डोळे न उघडताच म्हणाला, "आता बराबर झाली." काय बरोबर झालं होतं? कशाशी जुळवून पाहत होता तो? परतताना मी दोनदा तोंड उघडलं. सांगते, आता सांगते... आणि दोन्ही वेळा बोलले ते बांधीतल्या पाण्याबद्दल.

श्रावणात तो भामरागडला गेला, नदीचा आवाज घ्यायला. मी म्हटलं, पाऊस लागला की तिकडचा रस्ता बंद पडते, नको जाऊ. तो म्हणाला, "दोन दिवसाचं काम हाये, मावशी. आलो की तुले सकू पूर्ण दाखवतो, मंग तुले कळन थे कोण हाये ते." रस्ता बंद पडलाच. आठ-दहा दिवस अडकला आणि आला तो तापानं फणफणत. मेंदूचा मलेरिया. दवाखान्यात मी गेले तेव्हा तो मला ओळखत नव्हता. मी त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, बकरीपासून सगळं. पण ज्याला ऐकू येत नाही त्याला सांगितलं तर ते सांगितलं म्हणायचं का? मला नाही वाटत.

गेल्या रविवारी नेहा आली. नागपूरची मुलगी, प्रशिकसोबत या खेळाचं काम करायची, तिला मी फोनवरूनच ओळखत होते. म्हणाली, "मावशी, खेळ आता लोकांपुढं आणायचा आहे. तुमचा आवाज आहे त्यात, तुमचं हो पाहिजे." मी म्हटलं, आधी दाखव. तिनं लॅपटॉप उघडून माझ्यापुढं ठेवला. पहाट, दोन झाडं, दोन बायका, दोघींच्या पाठी एकमेकींकडं. मी पदर तोंडात धरला. त्यात टोपली ठेवून वाकलेली, हिरव्या पोलक्याची बाई दूरच्या झाडाखाली होती. जवळची, पाय ओढणारी, बटणांनी चालवायला आपल्या हातात होती.

"सकू कोणची?" मी विचारलं.
"ही जवळची. म्हणजे तुम्ही. प्रशिक म्हणायचा, हिरो दुसरं कोण राहणार? त्यानं शेवटी दोघींना वेगळं केलं."
"आणि हाक नाई मारली तर?"
"तर दूरची जाते आणि पहाट परत सुरू होते. पहिली हाक सकूनंच द्यायची असते. ती आपोआप येत नाही. आम्ही म्हटलं, आपोआप ठेव, लोकं अडकतील. पण तो ऐकेच ना."
"त्याले मालूम होतं का?" मी विचारलं.
"काय?" ती म्हणाली.

तिला काय सांगू? त्याला ठाऊक असेल, तर त्यानं मला रोज त्याच पहाटे उभं केलं होतं. ठाऊक नसेल, तर मी मारलीच नाही त्या हाकेपायी मला हिरो केलं. दोन्ही विचार करून पाहिले, एकही पचत नाही. नेहा म्हणाली, "दाबा न मावशी." मी दाबलं. माझाच आवाज आला, "हायस का वंऽऽ?" आणि दूरच्या झाडाखालून ओ आली. "हाव वंऽऽ." बारीक काढलेला, हसू दाबलेला आवाज. प्रशिकचा.

नेहा घाईघाईनं म्हणाली, "हा कच्चा आहे मावशी. आईसाठी बाईचा आवाज घ्यायचा होता, मिळाला नाही म्हणून त्यानं स्वतःच देऊन ठेवला. आपण बदलू." मी म्हटलं, "माहं हो हाये. पन हा आवाज बदलला तं माहा बी काढून टाक." तिनं मान डोलावली. तेवढ्यात बोलण्याच्या नादात गवत हललं, टोपली पडली, आणि परत पहाट झाली. दोन झाडं, दोन पाठी. बटण कुठलं ते मला तेव्हा सुचलंच नाही. मी तोंडानंच हाक मारली, भर दुपारी, शेजारपाजार ऐकेल एवढ्यानं, "तारेऽऽ, हायस का वंऽऽ?" नेहानं एकदा माझ्याकडं पाहिलं, माझ्या हाताखालून बोट घातलं आणि बटण दाबलं.

"हाव वंऽऽ," प्रशिक म्हणाला.