कू बोन-सिकनं केलेली डिस्कची वाटणी

मोक्पो बंदरातल्या रेडिओ दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाल्यावर कू बोन-सिकनं घरच्या एकुलत्या कॉम्प्युटरवर दोन संसार थाटले होते. डिस्कच्या एका भागात बायको ऊन-सुकसाठी विंडोज, कारण तिच्या बँकेला दुसरं काही चालत नसे. उरलेल्या भागात त्याचं स्वतःचं लाडकं लिनक्स.

ऊन-सुकच्या भागात तिच्या थोरल्या बहिणीनं गायलेली गाणी होती. जिंदो बेटावर राहणाऱ्या या बहिणीचा आवाज घशाच्या ऑपरेशननंतर गेला होता. आता ती नुसती कुजबुजायची. भाग काठोकाठ भरला तेव्हा बोन-सिक म्हणाला, "माझ्या भागातली जागा देतो तुला. चुटकीसरशी होईल."

कसलं काय! त्याचा भाग आकसला, जागाही सुटली, पण मध्येच विंडोजनं राखून ठेवलेला एक चिमुकला भाग ठाण मांडून बसलेला. एक टूल म्हणे, लगतची जागा असेल तरच जोडीन. दुसऱ्याचं बटणच दाबलं जाईना. तिसरं तयार झालं आणि अर्ध्यात थिजलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तर नुसता काळा पडदा.

बोन-सिक उठून स्वयंपाकघरात गेला. ऊन-सुक कोबीला मीठ चोळत होती.

"अगं, ताईंची गाणी... गेली बहुतेक. माझ्याच हातून."

ती हात पुसत म्हणाली, "गेली, की बहुतेक गेली?"

"शोधावं लागेल."

"मग शोधा ना! इथं काय उभे राहिलात? चला, मी बसते शेजारी."

पेनड्राइव्हवरून त्यानं डिस्कच्या जुन्या हद्दी हुडकणारा प्रोग्राम लावला. तो मुंगीच्या पावलांनी चालला. ऊन-सुक नाशपाती सोलून एकेक फोड त्याच्या हातावर ठेवत राहिली. "दातओठ खाऊन पोट भरत नाही हो. हे खा."

दुपार कलताना तिचा भाग सापडला. त्याचा मात्र शेवटपर्यंत सापडला नाही.

"तुमचं सगळं गेलं?"

"जाऊ दे," तो म्हणाला आणि यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत चाळली. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

सगळी गाणी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्यावरच त्यानं एक लावलं. ऊन-सुकनं जिंदोला फोन करून तो स्पीकरजवळ धरला. गाणं संपेपर्यंत तिनं तो तसाच धरून ठेवला.

मग बहीण कुजबुजली, "वरचा सूर जरा घसरला होता बघ त्या दिवशी." आणि थांबून म्हणाली, "परत लाव गं."