मांडवातली अरुंधती

आमचं लग्न उधन्यातल्या एका हॉलमध्ये लागलं, ऐन थंडीत, भर दुपारी. सप्तपदी झाली आणि गुरुजी म्हणाले, "आता दोघांनी उत्तरेकडे बघून अरुंधतीचं दर्शन घ्या." आम्ही माना वर केल्या. वर कापडी छत, एक झुंबर आणि घरघरणारा पंखा.

"दिसली?" गुरुजींनी विचारलं.

अशा वेळी "दिसली" म्हणायचं असतं. मी म्हणालो. बायको म्हणाली, "मला नाही दिसली."

मांडवात हशा पिकला. पंगत खोळंबलेली. माझी आई घरच्या अहिराणीत कुजबुजली, "दिसनी म्हन ना, माय!" पण ही ऐकेना. शेवटी गुरुजीच हसले. "बरं, राहिलेलं दर्शन घरी घ्या."

घरी तरी कुठून? हिवाळ्यात सप्तर्षी उगवायला मध्यरात्र उलटते. पुढे ते संध्याकाळी वर येऊ लागले, तर कारखान्यांच्या दिव्यांनी आभाळ पांढुरकं. मी चहा मागितला की ही म्हणायची, "अर्धंच लग्न झालंय, अर्धा कप मिळेल." आणि खरंच अर्धा कप द्यायची.

वैशाखात एका संध्याकाळी सगळ्या भागाची वीज गेली. कापड कारखान्यांतल्या लूमची खडखड थांबली. उकाड्याने माणसं गच्चीवर आली, आणि डोक्यावर हे एवढं आभाळ! मला सप्तर्षी लगेच सापडले, शेपटी लावलेल्या पतंगासारखे. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. ही त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"अहो, त्याला चिकटून आहे! बारीकशी!" तिने माझा दंडच धरला.

मग सगळी गच्ची बघू लागली. शेजारच्या गुजराती मासी ओरडल्या, "मने तो देखाय छे!" आणि त्यांनी आपल्या नवऱ्याची मान धरून वर केली. आई जिन्याशी गेली आणि तिने खाली बाबांना हाक मारली. त्या दोघांचंही लग्न दुपारचंच.

बाबा गुडघे धरत वर आले. आईने बोट केलं तिकडे डोळे बारीक करून बघितलं आणि चेहरा पाडून म्हणाले, "मला तर एकाच्या जागी दोन दिसतायत. मोतीबिंदू झाला वाटतं."

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.