थंड सोलायचा रोल

रसिका कधी कोणाशी गोड बोलली, असं डोंबिवली पूर्वेच्या त्या गाळ्यांच्या ओळीत कोणी शपथेवर सांगणार नाही. कुरिअरवाला तिच्या दारात पार्सल टाकून पळायचा. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवरचा पुसट फोटो छापायला आणला, की ती विचारायची, "हा माणूस आहे की भुताटकी?" तरी लोक यायचे, कारण तिने छापलेला टीशर्ट धुऊन धुऊन विरेल, पण त्यावरचं चित्र हलायचं नाही.

काम तसं सरळ होतं. मशीन पारदर्शक फिल्मवर आधी रंग मारतं, त्यावर पांढरा. मग गोंदाची पावडर भुरभुरायची, ती भाजायची, फिल्म शर्टावर ठेवून गरम प्रेसखाली पंधरा सेकंद दाबायची आणि सोलायची. चित्र शर्टाला, फिल्म कचऱ्यात. हे सगळं तिने सुदेशला स्वतः शिकवलेलं.

आणि सुदेशचं नाव तिच्यासमोर काढायची सोय नव्हती! चार वर्षं तो तिच्याकडे कामाला होता. दोन वर्षांपूर्वी फिल्मचा एक कोरा रोल गायब झाला. बाईने इकडेतिकडे धड बघितलंही नाही, सरळ त्याच्यावर घसरली. "मी नाही घेतला, ताई," असं तो तीनदा म्हणाला. ऐकते कुठली! त्याच संध्याकाळी ती त्याच्या चाळीत गेली आणि गॅलरीत उभी राहून, सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या आईला म्हणाली, "विमलाबाई, तुमचा मुलगा चोर आहे." विमलाबाई हातातलं तांदळाचं ताट घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

सुदेशनेही डूख धरला. सहा महिन्यांत त्या गाळ्यांचे मालक पंढरीशेठ यांचाच एक गाळा भाड्याने घेऊन त्याने स्वतःचं मशीन बसवलं, तेही बरोबर समोर. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या दुकानाकडे बघून थुंकायचे तेवढे बाकी होते.

तर त्या दिवशी सकाळी अकराला पंढरीशेठच तिच्या दुकानात शिरले. मुलाची, हर्षितची, हळद त्याच संध्याकाळी. आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खा गाव नाचणार आणि सगळ्यांच्या अंगात एकाच छापाचे टीशर्ट असणार. एकशेवीस शर्टांचं ते काम सुदेशकडे होतं. पण पांढरी शाई रोज हलवावी लागते, नाहीतर तळाशी बसते. हा शहाणा चार दिवस गावाला गेलेला. मशीन गच्च तुंबलं.

"बाय, तू फिल्म छापून दे. शर्ट त्याच्याकडं हायेत, चिकटवल तो," पंढरीशेठ म्हणाले. "आज नाय झाला ना, तं त्याचा गाला रिकामा करतो मी. माझे पोराची हलद हाय, मस्करी नाय."

गाळा रिकामा! रसिकाच्या मनात उकळ्या फुटल्या. पण शेठना नाही म्हणायची तिची टाप नव्हती. तिने मशीन लावलं आणि बघते तर तिचा रोल संपत आलेला, नवा उद्या येणार. माळ्यावर एक होता.

तो रोल कुठला, हे आता सांगायलाच हवं. रोल दोन जातींचे येतात. एक गरम असतानाच सोलायचा. वेळ वाचतो म्हणून सगळे तोच वापरतात. दुसरा पूर्ण गार झाल्यावर सोलायचा. गरम सोललात तर अर्धं चित्र शर्टावर, अर्धं फिल्मवर. दिसायला दोन्ही सारखेच. थंडवाला रोल रसिकाकडे आयुष्यात एकदाच आला, तोही पुरवठादाराच्या चुकीने. खोका वाचून तिने आणि सुदेशने मिळून त्या माणसाला शिव्या घातलेल्या. परत करायचा म्हणून तिनेच तो माळ्यावर जुन्या फ्रेमांमागे सरकवला आणि साफ विसरली. गायब झाला म्हणून ज्याच्यावरून एवढं रामायण झालं, तो रोल हाच. गेल्या दिवाळीत सफाई करताना सापडला. तिने धूळ पुसली, रोल होता तिथे ठेवला आणि तोंड बंद ठेवलं.

आता तिने त्याच रोलवर एकशेवीस चित्रं छापली. 'गार झाल्यावर सोल' असं सांगावं, तर तो विचारणार, थंडचा रोल आला कुठून? न सांगावं, तर शर्ट जातील, गाळा जाईल, समोरचं थोबाड कायमचं दिसेनासं होईल. शेठचा माणूस फिल्म न्यायला आला. रसिकाने गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि चकार शब्द काढला नाही.

अर्ध्या तासात सुदेश शर्टाचा बोळा घेऊन तरातरा आला. मागोमाग शेठ.

"मुद्दाम केलंत ना? खराब पावडर मारलीत! सहा शर्ट गेले माझे!"

"तुझ्या प्रेसची तब्येत बघ आधी," ती म्हणाली. "माझ्या मालाला नावं ठेवू नकोस."

"मग तुमच्या प्रेसवर मारून दाखवतो, चला!" त्याने सोबत आणलेला कोरा शर्ट पसरला, फिल्म ठेवली, प्रेस दाबली.

पंढरीशेठचा पारा चढला. "ही बाय बोलली व्हती तवाच आयकाला पायजे व्हता. चोराला गाला दिला मी!"

 सुदेशचे कान लाल झाले. त्याने प्रेस उघडली आणि फिल्मचा कोपरा पकडला. रसिकाने त्याचं मनगट धरलं.

"थांब. गार होऊ दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग फिल्मकडे. शर्ट गार व्हायला दोन मिनिटं लागली आणि तेवढ्यात त्याला सगळं कळलं. फिल्म सोलली. चित्र शर्टावर जसंच्या तसं बसलं.

"कुठे होता?" त्याने विचारलं.

"माळ्यावर. मीच ठेवलेला."

"कधी सापडला?"

"दिवाळीत."

शेठ काय ते न कळून दोघांची तोंडं बघत होते. सुदेशने शर्टाची घडी घातली. "जिथे उभं राहून बोललात ना, तिथेच उभं राहून सांगा. माझ्या आईला." आणि तो निघून गेला.

रसिकाने खराब झालेल्यांच्या बदली सहा चित्रं छापून, आपल्याकडच्या सहा कोऱ्या शर्टांसकट पाठवली. संध्याकाळी सहा वाजायच्या आत शर्ट टेम्पोत चढले. तिने शटर ओढलं आणि त्याच्या चाळीचा जिना चढली. गॅलरीतली दारं आजही उघडीच होती, बाया बाहेरच बसलेल्या.  तिने कडी वाजवली.

विमलाबाईंनी दार उघडलं. तिला नीट ओळखलं. आत या म्हणाल्या नाहीत.

"आता काय चोरलं त्याने?" त्यांनी विचारलं.