बापटकाकांची सोवळ्यातली मासेमारी

बापटकाका मासे धरायचे, पण माशाला हात लावायचे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचे शाकाहारी! म्हणून दर शनिवारी ते मला अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावाहून गाडीत घालून डोंगरातल्या ओढ्यावर न्यायचे. मी सावंत, मालवणचा. एवढीच माझी पात्रता.

ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने त्यांना टेंकाराची काठी भेट दिली होती. लांब काठी, टोकाला बांधलेली दोरी, दोरीला गळावर पिसांची खोटी माशी. दोरी गुंडाळायचं चक्रसुद्धा नाही. "तीन वस्तू, सावंता! चौथी आली की संसार सुरू," असं म्हणत काका गाडीतून घडीच्या खुर्च्या, दोन थर्मास आणि थालीपिठांचा डबा उतरवायचे. जाळी मात्र नको. जाळी म्हणजे लोभ. ट्राउट लागला की हाक यायची, "सावंता, ये रे बाबा, सोडव त्याला!" मी हात ओला करून गळ काढायचो, मासा पाण्यात सोडायचो. वर ऐकायचो, "तुमचं काय, तुम्ही बाटलेलेच! मला तुझ्या काकूच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचंय." थालीपिठं झकास असायची आणि माझ्या अपार्टमेंटात शनिवारी वाट पाहणारं कोणी नव्हतं. म्हणून ऐकायचो.

२००५ च्या उन्हाळ्यात एकदा मी शेवाळावरून घसरलो आणि पाय मुरगाळून पलीकडच्या काठावर बसलो. नेमका तेव्हाच काकांना चांगला मोठा ट्राउट लागला. उथळ पाण्यात दगडांवर आपटायला लागला.

"सावंता, ये लवकर!"

"काका, उठवत नाहीये मला. हात ओला करा आणि धरा!"

"अरे, घरी काय सांगू?"

"मरेल तो, काका!"

मासा आडवा पडला. काका "अरे देवा, अरे देवा" करत गुडघ्यांवर बसले, गळ काढला आणि दोन्ही हातांत मासा धरून त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं. कल्ले हलले. शेपटी हलली. गेला! काका कितीतरी वेळ हात पाण्यातच ठेवून बसले होते.

मग मला आधार देत गाडीत बसवलं आणि थेट आपल्या घरी आणलं. दारातच काकूंना म्हणाले, "आज मी माशाला हात लावला."

"मेला का वाचला?"

"वाचला."

"मग हात धुऊन जेवायला बसा. सावंत, तूही ये रे. लंगडतोयस का?"

काकांचा चेहरा असा काही पडला! इतकी वर्षं जपलेलं सोवळं, आणि बायकोला त्याचं काहीच नाही!

पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ते आता स्वतःच मासे सोडवतात, असं काकूंकडून कळलं. चांगलंच झालं म्हणा. पण खरं सांगतो, त्या माशाचा मला फार राग आला.