बरणीवरची टिकली

फोन नरडाण्याहून आला, ह्यांच्या कंपनीतून. "वहिनी, दिलीपभाऊंना चक्कर आली. धुळ्याला आणतोय, तुम्ही थेट दवाखान्यातच या." त्या आवाजावरूनच सगळं कळलं होतं, खोटं कशाला बोलू! पण चपला घालायच्या आधी मी काय केलं? स्वयंपाकघरात गेले, वरचं कपाट उघडलं आणि जांभळाच्या जिनची बरणी बघितली. काचेवर मी लावलेली लाल टिकली होती, आणि आतली जिन बरोबर टिकलीच्या रेषेत होती. तरी जीव थाऱ्यावर येईना. दवाखान्यात चादर बाजूला केली तेव्हा मी ह्यांच्या तोंडाजवळ वाकले. जमलेल्या बायकांना वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. मी वास घेत होते... लवंगेचा वास होता. दाढ दुखत होती म्हणून सकाळी तोंडात धरलेली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. मग मी रडले.

नवरा गेल्यावर बाईने असं काही लिहावं का, मला माहीत नाही. पण दीड महिना झाला, आणि भेटायला येणारं प्रत्येक माणूस ह्यांच्या हसऱ्या स्वभावाबद्दल बोलतं. माझ्या भीतीबद्दल कोण बोलणार? मीच बोलते.

लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं हे प्यायचे. थोडीथोडकी नाही. पगार झाला की मी गॅलरीत उभी राहून स्कूटरचा आवाज ओळखायची, आणि आवाज वाकडातिकडा आला की आत जाऊन ताट झाकून ठेवायची. शेवटी एकदा पूर्वाला, माझ्या लेकीला, घेऊन मी जळगावला माहेरी निघून गेले. हे बसने आले. आईसमोर बसले आणि म्हणाले, "नेतो मी हिला. आता नाही घेणार." शपथ नाही, देवाच्या पायावर हात नाही, नुसतं एवढंच. माझा विश्वास बसला नव्हता. पण आईकडे तरी किती दिवस राहणार, म्हणून परत आले. आणि खरंच, त्या दिवसानंतर ह्यांनी घेतलेली मी पाहिली नाही.

'पाहिली नाही' असंच लिहिते मी. कारण पुढे काय झालं बघा. ह्यांच्या बहिणीचा मुलगा तुषार पुण्याला नोकरी करतो. एकदा आला तो जिनची बाटली घेऊन. पुण्यात म्हणे आता सगळे घरीच फळं घालून जिन मुरवतात, आपण जांभळं घालू. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बाटली पिशवीत परत ठेवायला लागला. तर हेच पुढे! "अरे, अशी अख्खी घालतात का जांभळं? आण इकडे." मी मध्ये पडले. "अहो, हे काय करताय तुम्ही?" तर म्हणाले, "करतोय फक्त. पिणार पोरगा." शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या बाया रस्त्याला टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्याकडची लहान तुरट जांभळं आणायची. धुऊन, फडक्याने एकेक कोरडं पुसायचं, सुरीने चिरा द्यायच्या, खडीसाखर घालायची, लिंबाची साल नुसती पिवळी, पांढरं अजिबात नको. मग वरून जिन. उन्हाळ्यात करवंदांची, पावसाच्या तोंडावर जांभळांची. मलमलीतून गाळली की असा रंग यायचा की बघत राहावं. शनिवारी मित्र यायचे, बर्फ, सोडा, ग्लासाच्या कडेला काळं मीठ. हे सगळ्यांना भरून द्यायचे आणि स्वतः लिंबूसोडा घ्यायचे. फक्त ग्लास नाकाशी नेऊन विचारायचे, "साखर जास्त झाली का रे?"

ते नाकाशी नेणं! लोक हसायचे, वाहवा करायचे, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून ह्यांच्या ओठांकडे बघत राहायची. नाकापासून ओठ किती लांब असतात हो? म्हणून मी बरणीवर टिकली लावायला लागले. बाहेरून, जिन जिथपर्यंत आहे तिथे. शाळेत शिकवून आल्यावर पर्स ठेवायच्या आधी कपाट उघडायची.

आणि एक दिवस जिन टिकलीच्या खाली होती. चांगली बोटभर! पूर्वाचं लग्न ठरलेलं, व्याही घरी येणार होते, आणि डोळ्यांपुढे ती जुनी स्कूटर. हे आल्यावर मी बरणीच पुढ्यात आपटली. "हे काय?" ह्यांनी बरणी उजेडात धरली. चिडतील असं वाटलं होतं. हे तर हसले, आणि गावाकडच्या अहिराणीत म्हणाले, "मी नही पेत, जांभये पेतस!" फळं मुरताना जिन शोषून घेतात, पहिल्या आठवड्यात पातळी उतरतेच, म्हणे. मला कसं पटावं? मी रडायलाच लागले. तेव्हा ह्यांचं हसू गेलं. स्वतःच्या नखाने जुनी टिकली काढली, नव्या रेषेवर चिकटवली, नीट दाबली. "तू देखत जाय रोज. माले बी भेव वाटस." म्हणजे ह्यांनाही भीती वाटत होती... मला वाटलं होतं, घाबरणारी मी एकटीच. त्या रात्री मला झोप लागली नाही, दुप्पट भीती वाटायला लागली.

हे गेल्यावर बसायला आलेल्यांपैकी कुणीतरी माजघरात हळूच बोललंच, "घरातच बनवत होते ना, मग?" मी काय पुरावा देणार होते, टिकली?

मागच्या आठवड्यात तुषार आला. ती शेवटची बरणी ह्यांनीच घातलेली, ती त्याने गाळली. गाळताना पोरगा रडत होता. मी म्हटलं, "मलाही दे थोडी." "मामी, तुम्ही?" "दे म्हणते ना!" आयुष्यात मी थेंब घेतला नव्हता. मला वाटलं होतं, ह्यांच्या जुन्या शर्टांना वास यायचा तसला घाण, आंबूस प्रकार असेल, औषधासारखा नाक दाबून गिळावा लागेल. तसं काहीच नव्हतं. आधी जांभळाचा गोडवा, मग तुरट, मग घशातून खाली एक ऊब गेली आणि कितीतरी दिवसांनी माझे खांदे सैल झाले. इतकी चांगली लागली, इतकी चांगली, की मी घाबरून ग्लास खाली ठेवला. तिकडे बघितलं तर दुसरा घोट घ्यावासा वाटत होता.

आणि हे रोज सकाळी माझ्या आधी उठायचे. त्याच कपाटातून साखर काढून माझ्यासाठी चहा ठेवायचे. स्वयंपाकघरात एकटेच असायचे. मी झोपलेली असायची. तरी संध्याकाळी मी बघायची तेव्हा जिन टिकलीच्या रेषेतच असायची.