बोटांना न लावलेलं मलम

मुलामा चढवायच्या कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. मालकसुद्धा, आणि तो तिच्याहून दहा वर्षांनी मोठा! पितळी नळ धुवायचे, बारीक तारेत अडकवायचे आणि निकेलच्या टाकीत सोडायचे, हे तिचं काम. हातमोजे घालून ती तार धरता येत नसे, म्हणून मोरीजवळ पांढऱ्या मलमाचा डबा ठेवलेला. काम सुरू करण्याआधी दोन्ही हातांना चोळायचं, म्हणजे टाकीतलं पाणी कातडीला बाधत नाही, असा नियम.

नियम करणाऱ्याचं काय जातंय? मलमाचं बोट नळाला लागलं की तिथे मुलामा धरत नाही, फोड येतात, माल परत. मावशीने मग आपली शक्कल काढली. तळव्यांना, मनगटांना मलम फासायचं आणि बोटं फडक्याने लख्ख पुसून घ्यायची. तिचा एक नळ परत येईल तर शपथ! केवढा तोरा होता तिला त्याचा. लेक तिथेच कामाला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिलाही तिने हेच शिकवलं.

पुढे मावशीची बोटं खाजू लागली, मग भेगाळली, मग रक्त येऊ लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निकेलशी तुमच्या कातडीचं कायमचं वैर जडलंय. आता मलमाचा उपयोग नाही. काम सोडा." मावशीने सोडलं. ब्लाउजची हुकं लावता येईनात, तेही तिने सोसलं. जीव टांगणीला लागला तो लेकीपायी.

"बोटांनाही लाव गं," ती रोज बजावायची.

"लावते गं आई."

"माल परत आला तर येऊ दे."

"तुझा आला होता का कधी?"



एका संध्याकाळी मालक रस्त्यात भेटला. "मावशी, पोरगी अगदी तुमच्यावर गेलीय. एक नळ परत येत नाही तिचा," तो कौतुकाने म्हणाला. मावशी तडक घरी निघाली.

घरी लेक एका हाताने भांडी विसळत होती. मावशीने तिचा दुसरा हात ओढून पाहिला. बोटं लाल, सोललेली.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस. तू रडत बसशील म्हणून बोलले नाही."

"उद्यापासून जायचं नाही."

"मग घर कशावर चालायचं, आई?"

मीच हिचे हात नासवले, एवढंच मावशीच्या मनात येत राहिलं. तिने लेकीचा हात मांडीवर घेऊन कुरवाळायला सुरुवात केली. पण तिच्या बोटांच्या भेगा त्या सोललेल्या कातडीला बोचल्या, आणि लेकीने हळूच हात काढून घेतला.