डाव्या बॉक्सची तक्रार

मी काही इंजिनियर नाही. बारामतीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि दुपारनंतर एका साउंडवाल्याच्या दुकानात काम करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे छापील अक्षराचा अजून धाक वाटतो. ज्यांचं आयुष्य या कामात गेलं त्यांनी लिहावं आणि मी वाचावं, हेच खरं. तरी एका ऑर्डरीबद्दल लिहायला बसलोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

तात्यांचा फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकलला होतो.

"तुझा डावा बॉक्स मुका हाय," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तात्या भवानीनगरला ट्रॅक्टर दुरुस्त करतात. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर वळणावर असतानाच ते सांगत, नोझल गेलाय की बेअरिंग. लोक त्यांच्याकडे हातासाठी कमी आणि कानासाठी जास्त यायचे. गॅरेज चालत होतं ते त्या कानावरच. त्यांना सनईची आवड. एकदा आमच्या दुकानात येऊन म्हणाले, "मला दणका नको. वाजवणाऱ्यानं जसं वाजवलंय तसं ऐकू आलं पायजे."

आमचे शेठ लग्नाच्या वरातीचे बॉक्स बनवतात. तिथं छाती हादरली की काम झालं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याला द्या. ह्याच्या डोक्यात तो किडा हाय."

तो किडा म्हणजे हायफाय. मूळ आवाजात आपल्या पदरचं काही न घालणारा स्पीकर. बॉक्समध्ये एक मोठा वूफर असतो, तो ढोलासारखे जाड आवाज काढतो. वर छोटा ट्वीटर असतो, तो बारीक आवाज काढतो. कुठला आवाज कुणी काढायचा याची वाटणी करणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. आणि दोन्ही बॉक्स अगदी सारखे लागतात. तसे असले तर गाणारा दोघांच्या मधोमध बसल्यासारखा वाटतो.

तात्यांचे दोन्ही बॉक्स मी बावड्याला, गावच्या घरी, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बनवले. सुट्टीला गेलो की तेच काम. जाड प्लाय कापला, सांधे गोंदानं बंद केले, कॉइल हातानं गुंडाळल्या. आई येऊन बघायची. "एवढ्या लाकडात कपाट झालं असतं," म्हणायची. वडील काही बोलायचे नाहीत, पण पाहुणे आले की त्यांना शेडकडे घेऊन यायचे.

तर तात्यांच्या घरी लावून आलेला असा तो डावा बॉक्स मुका.

मी भवानीनगरला गेलो. बॉक्स उघडला, ट्वीटरची वायर तपासली, मीटर लावला. सगळं बरोबर. लावून ऐकलं. मला दोन्ही सारखेच वाटले.

"तुला काय कळतंय?" तात्या म्हणाले. "जाड आवाज येतोय, बारीक मेलाय. सनई सगळी उजवीकडनं वाजतीया."

ट्रॅक्टरचा रोग लांबून ओळखणारा माणूस म्हणतोय, तर आपलंच चुकलं असणार. बाहेर येऊन शेठना फोन लावला.

"आधी बॉक्स अदलाबदल कर," शेठ म्हणाले. "दोष बॉक्सबरोबर गेला तर बॉक्स खराब. जागेवर राहिला तर वायर नायतर अँप्लिफायर. आन् ऐक, ही जोडी परत आली तर हायफायचं खूळ बंद. गपचिप वरातीची खोकी बनवायची."

आमच्या धंद्यात दोष असाच धरतात. एक एक गोष्ट हलवायची आणि दोष कुणाच्या मागं जातो ते बघायचं.

मी डावा उजवीकडे नेला, उजवा डावीकडे. तात्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"डावाच मुका हाय."

म्हणजे बॉक्स सुटले. मला जरा हायसं वाटलं. वायरी बदलल्या.

"डावाच."

अँप्लिफायरच्या मागच्या पिना उलट्या केल्या. शेठनी सांगितलेलं आता काही उरलं नव्हतं.

"डावाच हाय म्हणतोय न्हवं! किती येळा सांगू?" तात्या वैतागून उठले, स्पीकरकडे पाठ केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून ओरडले, "आगं, च्या टाक ह्याला!" तसेच उभे राहिले, आणि कपाळावर आठी आली. "आता आणि काय केलंस रं? डावा बोलाय लागला, आन् आता उजवा गेला की!"

मी कशालाच हात लावला नव्हता.

काकू पातेलं हातात घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. बॉक्स जागेवर होते, वायरी जागेवर होत्या. फिरले होते फक्त तात्या, आणि मुकी बाजू त्यांच्याबरोबर फिरली होती.

बॉक्समध्ये दोष नाही याचा मला आनंद झाला. लगेच त्या आनंदाची लाजही वाटली. समोरच्या माणसाची भाकरी त्या कानावर होती, आणि हे त्यांना सांगणार कोण? वडिलांच्या वयाच्या माणसाला?

"तात्या, बॉक्स... बहुतेक ठीक हायेत," मी म्हणालो.

"मग काय माझा कान खराब हाय व्हय?"

काकू बोलल्या. "व्हय, हाय. दिवाळीपासनं सांगतीया. टीव्ही एवढा मोठा लावताय की शेजारी आपल्या घरातल्या बातम्या ऐकत्यात."

"गप बस."

"का गप बसू? परवा त्या ट्रॅक्टरवाल्या पोराचं चांगलं इंजिन खोलून ठिवलं, आत काय निघालं? काय बी न्हाय! त्यो माघारी काय बोलला ते मी ऐकलंय. तुमी न्हाय ऐकलं."

तात्या बसले. डावा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला. म्हणाले, "बॉक्स घिऊन जा."

"तात्या, डॉक्टरला एकदा..."

"घिऊन जा म्हणलं न्हवं!"

चहा तसाच राहिला. ओळखीच्या पिकअपमध्ये बॉक्स टाकून मी बारामतीला आलो.

"आली परत?" शेठ म्हणाले.

मी घडलं ते सांगितलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. हातातली कैची खाली ठेवून म्हणाले, "माणसाला पाठ फिरवायला लावायची, हे मला कुणी शिकवलं न्हाय."

"मी लावली नाही शेठ. ते चहा सांगायला वळले."

"मग आता लावायची. गिऱ्हाईक म्हणलं एक बाजू मुकी, की आधी बॉक्स फिरवायचा आन् शेवटी गिऱ्हाईक फिरवायचं. पर जपून. बॉक्सला राग येत न्हाय."

खोक्यांचं ते पुन्हा काही बोलले नाहीत. जोडी कोपऱ्यात चादरीखाली राहिली.

मग दिवस जात राहिले. लेक्चरला बसलो की डोक्यात तेच. एका बाजूचा कान असा जाणं कधी कधी मोठ्या आजाराचं लक्षण असतं, असं मी मोबाईलवर वाचलं आणि वाचल्याचा पश्चात्ताप झाला. दोनदा तात्यांचा नंबर काढला. फोन करून काय विचारायचं? कान कसा आहे? ते मला ओळखीचे म्हणून जेवढे जवळचे, तेवढेच परके होते. राहून राहून वाटायचं, मी जरा कमी नीट बॉक्स बनवले असते तर दोष माझ्यावर आला असता आणि त्यांना एवढं ऐकावं लागलं नसतं. पण मग कान तसाच राहिला असता. यात बरोबर काय, हे मला अजून नीट ठरवता येत नाही.

एका सोमवारी सकाळी मी बावड्याहून बारामतीला निघालो होतो. रस्त्यात फोन वाजला. गाडी कडेला घेतली, चालूच ठेवली. काकू होत्या.

"आरं, गेलं बाबा एकदाचं डॉक्टरकडं! लेक आली हुती, तिनं धरून नेलं. मी तर देव पाण्यात घालून बसलेली."

"काय निघालं काकू?"

"कापूस!"

"काय?"

"कापसाचा बोळा, आरं! लग्नात अत्तराचा फाया कानात घालत्यात न्हाय का, त्यो आत सरकला आसंल. त्यावर मळ बसून बसून खडा झालेला. डॉक्टरनी चिमट्यानं वढून काढला. म्हणाले, पडदा चांगला हाय, कायबी काळजी न्हाय. आता घरात भांडं पडलं तरी दचकत्यात..."

मागून तात्यांचा आवाज आला. "आण हिकडं." काकूंच्या हातून फोन गेला.

"कुठं हायेस?"

"रस्त्यात, तात्या. कॉलेजला चाललोय."

पलीकडे शांत. ते काही बोलेनात. रागावलेत की काय, मला कळेना.

"बॉक्स घिऊन ये," शेवटी म्हणाले. "आन् येताना गाडी गॅरेजला लाव. इंजिनातलं टॅपेट वाजतंय तिचं."

मी गाडीकडे बघितलं. मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं.

"तात्या," मी विचारलं, "फोन कुठल्या कानाला हाय?"

"डाव्या," तात्या म्हणाले.